१९२३ मध्ये का नाही पडलं?

गेल्या फेब्रुवारीत माझी पुतणी इतिहासाचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. नववीची वार्षिक परीक्षा आठवड्यावर आली होती. हातात पिवळा हायलायटर आणि तोंडात ठरलेला प्रश्न: "काका, वायमार प्रजासत्ताक कोसळण्याची कारणं. पाच गुणांना. पटकन सांग."

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. हा प्रश्न तर मला झोपेतही पाठ. व्हर्सायचा तह, युद्धाची भरपाई, १९२३ ची महागाई, राज्यघटनेतले दोष, १९२९ ची मंदी आणि मग हिटलर. मी बोटांवर मोजत गेलो, ती लिहीत गेली. मग लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "पण काका, १९२३ मध्ये तर सगळं एकदमच झालं होतं ना? पैसा मातीमोल, फ्रेंच सैन्य देशात, त्यात हिटलरचा उठाव. मग तेव्हा का नाही पडलं? मधली चांगली वर्षं गेल्यावर का पडलं?"

मी म्हटलं, "परीक्षेत असलं विचारत नाहीत." ती बिचारी गप्प बसून मुद्दे पाठ करायला लागली. मला मात्र रात्री झोप लागेना. तीस वर्षांत कितीतरी मुलांना मी सांगत आलो की महागाईनं हिटलर आणला. आणि नववीतल्या मुलीनं दोन तारखा शेजारी ठेवून दाखवलं की माझं गणित जुळत नाही. या महिन्याचं सदर म्हणजे तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. तुमच्यापैकी अनेकांनी हाच धडा वाचला असेल, काहींनी तो माझ्यासारख्याच शिक्षकाकडून ऐकला असेल, म्हणून ते सगळ्यांसमोर देतो.

आधी हे प्रजासत्ताक होतं काय, ते पाहू. ९ नोव्हेंबर १९१८ ला पहिलं महायुद्ध हरत असतानाच जर्मनीत कैसरची सत्ता संपली आणि फिलिप शायडेमान या समाजवादी पुढाऱ्यानं बर्लिनच्या संसदभवनाच्या खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा केली. दोनच महिन्यांत, १९ जानेवारी १९१९ ला, निवडणूक झाली. जर्मन स्त्रियांनी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदाच मत दिलं. बर्लिनमध्ये रस्त्यावर गोळ्या झडत होत्या, म्हणून निवडून आलेली सभा वायमार या लहानशा शहरात भरली. तेच नाव पुढे प्रजासत्ताकाला चिकटलं. त्या सभेत मारी युखाच ही जर्मन संसदेत भाषण करणारी पहिली स्त्री ठरली. सोशल डेमोक्रॅट, कॅथलिकांचा सेंटर पक्ष आणि उदारमतवादी डेमोक्रॅट या प्रजासत्ताकाच्या तीन पाठीराख्या पक्षांना मिळून तीन चतुर्थांश मतं मिळाली होती. म्हणजे हे राज्य कुणी बाहेरून लादलेलं नव्हतं. लोकांनी ते हौसेनं उभं केलं होतं.

मग मार बसायला सुरुवात झाली. जून १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर सही करावी लागली. लढाई हरली होती कैसरच्या सेनापतींनी, पण सही करायची वेळ आली नव्या सरकारवर, आणि तो डाग कायमचा प्रजासत्ताकाच्या माथी लागला. पुढच्याच वर्षी, जून १९२० च्या निवडणुकीत, त्या तीन पक्षांचं बहुमत गेलं आणि ते पुन्हा कधीच परत आलं नाही. युद्धविरामावर सही करणारे माथियास एर्त्सबेर्गर यांचा १९२१ मध्ये खून झाला, परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाउ यांचा १९२२ मध्ये. जानेवारी १९२३ मध्ये भरपाई थकली म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमचं सैन्य कोळशाच्या रुऱ खोऱ्यात घुसलं. सरकारनं तिथल्या कामगारांना संप करायला सांगितलं आणि त्यांना पगार देण्यासाठी नोटा छापत सुटलं. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. युद्धाआधी डॉलरचा भाव होता ४ मार्क २० फेनिग. जन्मभर साठवलेल्या पैशात पावाचा तुकडा येईना. त्याच महिन्यात म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये हिटलरनं बंड केलं.

आणि तरीही राज्य टिकलं. कसं?

आधी १९२० चं उदाहरण घ्या. मार्चमध्ये वोल्फगांग काप नावाच्या उजव्या पुढाऱ्यानं बंडखोर सैनिकांसह बर्लिन ताब्यात घेतलं. लष्करानं बंडखोरांवर शस्त्र उचलायला नकार दिला. सरकारला राजधानी सोडून पळावं लागलं. तेव्हा कामगार संघटनांनी देशभर संप पुकारला. आगगाड्या थांबल्या, वीज गेली, पाणी गेलं, सरकारी कचेऱ्यांतले अधिकारीही नव्या "चॅन्सेलर"चे हुकूम ऐकेनात. पाच दिवसांत काप पळाला. सैन्य ज्याच्या बाजूनं होतं तो हरला, कारण राज्य चालवणाऱ्या हातांनी त्याच्यासाठी काम करायचं नाकारलं.

१९२३ मध्येही तसंच काहीसं झालं. ऑगस्टमध्ये गुस्ताव श्ट्रेझेमान चॅन्सेलर झाले. हे मूळचे राजेशाहीवादी, उद्योगपतींच्या पक्षाचे. पण त्यांनी समाजवाद्यांना बरोबर घेऊन सरकार बनवलं आणि सर्वांत अप्रिय निर्णय घेतला, तो म्हणजे रुऱचा प्रतिकार थांबवण्याचा. नोव्हेंबरमध्ये रेंटेनमार्क हे नवं चलन आलं. एक लाख कोटी जुन्या मार्काला एक नवा मार्क. नोटछपाईला लगाम घातला आणि भाव थांबले. राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांनी घटनेच्या ४८ व्या कलमाखाली लष्कराला विशेष अधिकार दिले, पण संकट ओसरल्यावर ते काही महिन्यांत परतही घेतले. एबर्ट यांचा सगळाच व्यवहार धुतल्या तांदळासारखा होता असं नाही. याच कलमाखाली सॅक्सनीतलं निवडून आलेलं डावं सरकार हटवलं गेलं, आणि त्यावरून समाजवादी श्ट्रेझेमान यांच्या सरकारातून बाहेर पडले. तरीही मोठं चित्र असं होतं की संकटात संसद, सरकार आणि राष्ट्राध्यक्ष यांना राज्य वाचवायचं होतं.

आता पुतणीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. महागाईनं हिटलर आणला असेल, तर महागाईनंतर त्याची मतं वाढायला हवी होती ना? झालं उलटंच. डिसेंबर १९२४ मध्ये त्याच्या गटाला ३ टक्के मतं मिळाली. मे १९२८ मध्ये २.६ टक्के, आणि ४९१ पैकी १२ जागा. तोवर जर्मनी राष्ट्रसंघाचा सदस्य झाला होता. श्ट्रेझेमान यांना फ्रान्सच्या आरिस्टीड ब्रियां यांच्याबरोबर १९२६ चं शांततेचं नोबेल मिळालं होतं. १९२७ मध्ये बेकारी विम्याचा कायदा झाला होता. १९२८ मध्ये तुम्ही बर्लिनला जाऊन विचारलं असतं, तर कुणीही म्हणालं असतं की वाईट दिवस मागे पडले.

मात्र राज्याला दोन जागी वाळवी लागलेली होती. पहिली न्यायालयांत. कैसरच्या काळातले न्यायाधीश तसेच खुर्चीवर राहिले होते. एमिल युलिउस गुंबेल या गणितज्ञानं १९२२ पर्यंतच्या राजकीय खुनांचा हिशेब मांडला. डाव्यांनी केलेले खून २२, उजव्यांनी केलेले ३५४. डाव्या खुन्यांपैकी दहा जणांना फाशीची शिक्षा झाली. उजव्यांपैकी एकालाही नाही, आणि त्या ३५४ पैकी ३२६ खुनांना शिक्षाच झाली नाही. हिटलरला बंडाबद्दल एप्रिल १९२४ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो सुटला. प्रजासत्ताकाविरुद्धचा गुन्हा हा गुन्हाच नव्हे, असं हे निकाल लोकांना शिकवत होते.

दुसरी वाळवी राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत. फेब्रुवारी १९२५ मध्ये एबर्ट वारले. नव्या निवडणुकीत प्रजासत्ताकवादी पक्षांनी सेंटर पक्षाचे विल्हेल्म मार्क्स यांना उभं केलं आणि उजव्यांनी सत्त्याहत्तर वर्षांचे फील्डमार्शल हिंडेनबर्ग यांना. हिंडेनबर्ग सुमारे ९ लाख मतांनी जिंकले. कम्युनिस्टांनी आपला उमेदवार मागे घ्यायला नकार दिला होता. त्याला १९ लाख मतं पडली. ४८ व्या कलमाची किल्ली आता अशा माणसाच्या हाती गेली, ज्याचं मन प्रजासत्ताकात कधीच नव्हतं. पहिली पाच वर्षं तो घटनेप्रमाणे वागला, म्हणून कुणाला फार काळजी वाटली नाही.

आता येतो तो दिवस, जो मी वर्गात कधीच शिकवला नाही. २७ मार्च १९३०.

तेव्हा समाजवादी हेर्मान म्युलर चॅन्सेलर होते. समाजवाद्यांपासून श्ट्रेझेमान यांच्या उद्योगपतींच्या पक्षापर्यंत पाच पक्षांचं सरकार, संसदेत स्पष्ट बहुमत. पण श्ट्रेझेमान ऑक्टोबर १९२९ मध्ये वारले होते आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला होता. अमेरिकी कर्जं आटली, बेकार वाढले, बेकारी विम्याचा निधी तुटीत गेला. विम्याची वर्गणी पगाराच्या साडेतीन टक्के होती, निम्मी मालकानं भरायची, निम्मी कामगारानं. समाजवादी म्हणाले, चार टक्के करा. उद्योगपतींचा पक्ष म्हणाला, वर्गणी नको, भत्ता कमी करा. वाद अर्ध्या टक्क्याचा. तडजोडीचा मसुदा आला, तो समाजवाद्यांच्या संसदीय गटानं नाकारला. म्युलर यांनी राजीनामा दिला.

अर्धा टक्का हे निमित्त होतं, हे खरं. हिंडेनबर्ग यांच्या भोवतीचे लोक बऱ्याच दिवसांपासून समाजवाद्यांशिवाय, संसदेवर अवलंबून नसलेलं सरकार आणायच्या तयारीत होते. पण दार त्यांना उघडून दिलं ते आतल्यांनीच. समाजवाद्यांना वाटलं, थोडे दिवस विरोधात बसू, आपल्या मतदारांसमोर ताठ मानेनं जाऊ. उद्योगपतींना वाटलं, कामगारांच्या पक्षाशिवाय कारभार सोपा होईल. मोडलं तर आपणच पुन्हा जोडू, अशी दोघांचीही समजूत होती. पण संसदेत बहुमत असलेलं वायमारचं ते शेवटचं सरकार ठरलं. आणि ती वर्गणी? त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत ती साडेसहा टक्क्यांवर गेली.

नवे चॅन्सेलर हायनरिश ब्रूनिंग. जुलैमध्ये त्यांचा अर्थविषयक प्रस्ताव संसदेनं फेटाळला. त्यांनी तोच ४८ व्या कलमाखाली वटहुकूम म्हणून काढला. घटनेप्रमाणे असा वटहुकूम रद्द करायचा अधिकार संसदेला होता, आणि संसदेनं तो वापरला. तेव्हा ब्रूनिंग यांनी संसदच विसर्जित केली आणि वटहुकूम पुन्हा काढला. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझींच्या १२ जागांच्या १०७ झाल्या.

यापुढचे आकडे मी पुतणीला वहीत वेगळे लिहून दिले. संसदेनं १९३० मध्ये ९८ कायदे केले, १९३१ मध्ये ३४, १९३२ मध्ये फक्त ५. राष्ट्राध्यक्षांचे वटहुकूम १९३० मध्ये ५ होते, १९३१ मध्ये ४४, आणि १९३२ मध्ये साठच्या आसपास. १९३० मध्ये संसद ९४ दिवस बसली होती, १९३२ मध्ये १३ दिवस. हिटलर अजून सत्तेजवळही आलेला नव्हता. लोकशाही बंद पडत आली होती, आणि ती बंद पाडणारे सगळे कायद्याचं नाव घेत होते.

ब्रूनिंग यांनी पगार कापले, भत्ते कापले, कर वाढवले. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार साठ लाखांवर गेले. ज्याची नोकरी गेली होती त्याला दिसत होतं की संसद काही करत नाही, वटहुकूम येतात आणि आपला भत्ता कमी होतो. मग मत कुणाला द्यायचं? जुलै १९३२ मध्ये नाझींना ३७ टक्के मतं आणि २३० जागा मिळाल्या, कम्युनिस्टांना ८९. सभागृह ६०८ जणांचं. बेरीज करा. हे दोन पक्ष एकमेकांचे हाडवैरी, सरकार कधीच बनवू शकले नसते. पण प्रजासत्ताक नको म्हणणाऱ्यांचं बहुमत झालं होतं.

तरीही, मुलांनो, गोष्ट इथं संपली नव्हती. वर्गात मी घाईत म्हणून जायचो की "हिटलर निवडणूक जिंकून आला." खुल्या निवडणुकीत त्याला बहुमत कधीच मिळालं नाही. उलट नोव्हेंबर १९३२ मध्ये त्याची मतं घटून ३३ टक्के झाली, जागा १९६ झाल्या. पक्षाची तिजोरी रिकामी होती. हवा उतरायला लागली होती. अशा वेळी माजी चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेन आणि त्याच्या मित्रांनी पंच्याऐंशी वर्षांच्या हिंडेनबर्ग यांची समजूत घातली की हिटलरला चॅन्सेलर करा, मंत्रिमंडळात बाकी माणसं आपली ठेवू, तो आपल्या मुठीत राहील. ३० जानेवारी १९३३ च्या त्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच होते. २७ फेब्रुवारीला संसदभवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे हक्क गोठवणारा वटहुकूम निघाला. कुठल्या कलमाखाली? ४८. तो १९४५ पर्यंत तसाच राहिला.

२३ मार्चला संसदेनं सगळे अधिकार सरकारच्या हाती देणारा कायदा केला, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी. कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिलं नाही. बाहेर आणि आत गणवेशातले नाझी उभे होते. सेंटर पक्षानं होकार दिला, उदारमतवाद्यांनी दिला. विरोधात मत दिलं ते हजर असलेल्या एकूण एक ९४ समाजवाद्यांनी. त्यांच्या वतीनं ओट्टो वेल्स हिटलरसमोर उभं राहून बोलले. तीन वर्षांपूर्वी अर्ध्या टक्क्यावर सरकार सोडणारा तोच हा पक्ष. धैर्य त्यांच्याकडे होतं, वेळ निघून गेली होती.

तर पुस्तकातले "घटनेतले दोष" खोटे आहेत का? नाहीत. जितकी मतं तितक्या जागा, या पद्धतीमुळे लहान पक्षांची गर्दी झाली. चौदा वर्षांत वीसएक सरकारं झाली. पण हीच घटना, हीच पद्धत १९२३ मध्येही होती. ४८ वं कलमही तेच होतं. एबर्ट यांच्या हातात ते राज्य वाचवायला बरंचसं उपयोगी पडलं, हिंडेनबर्ग यांच्या हातात ते संसदेला बाजूला सारायचं हत्यार झालं. १९२३ मध्ये संकट मोठं होतं आणि राज्य वाचवायचंच असं ठरवलेले लोक खुर्चीवर होते. १९३० मध्ये संकटाची नुकती सुरुवात होती, पण खुर्चीवरच्यांना संसद म्हणजे कटकट वाटू लागली होती. माझ्या तीस वर्षांच्या यादीत हाच मुद्दा नव्हता.

पुढच्यांनी यातून शिकायचा प्रयत्न केला. मे १९४९ मध्ये बॉन इथं तयार झालेल्या पश्चिम जर्मनीच्या घटनेत नियम घातला की चॅन्सेलरला हटवायचं असेल तर संसदेनं आधी त्याच्या जागी दुसरा निवडायचा. नुसतं मोडायची सोय नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या घटना समितीत आणीबाणीच्या कलमांवर चर्चा चालली होती, तेव्हा ह. वि. कामत यांनी वायमारच्या घटनेची आणि हिटलरची आठवण करून देत सभागृहाला सावध केलं होतं. कलमं तरीही मंजूर झाली. २५ जून १९७५ च्या रात्री त्यांतलं एक वापरलं गेलं, आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. म्हणून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय बंधनकारक केला. तुमच्या घरी ते दिवस आठवणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांना एकदा जरूर विचारा. वेगवेगळी उत्तरं मिळतील, ती सगळी ऐका.

पुतणीची परीक्षा झाली. पेपरात हा प्रश्न आलाच नाही. मी तिला म्हटलं होतं, आला तर आधी पुस्तकातले मुद्दे लिही, गुण त्यालाच आहेत. मग एक ओळ तुझी लिही, की १९२३ मध्ये हीच सगळी कारणं असूनही राज्य टिकलं होतं. परवा ती पुन्हा आली, तेव्हा दहावीचं पुस्तक हातात होतं. म्हणाली, "काका, आता युरोपातला राष्ट्रवाद. पण या वेळी मुद्दे सांगायच्या आधी तू स्वतः एकदा तपासून घे."

तपासतो आहे. सापडलं तर पुढच्या अंकात सांगेन.